झाडलेल्या काडतुसाचे पितळ

वेरूळची लेणी पाहण्यासाठी छत्रपती संभाजीनगराहून निघालेला प्रवासी वाटेत दौलताबादचा किल्ला सहसा चुकवीत नाही. तेथे चिनी महालाजवळच्या बुरुजावर एक प्रचंड ओतीव तोफ आहे. तिच्या मागच्या टोकास मेंढ्याचे मस्तक असल्यामुळे लोक तिला मेंढा तोफ म्हणतात. तोफेचे हे मागचे अंग सर्वस्वी बंद आहे. दारू आणि गोळा दोन्ही पुढच्या तोंडातून भरावयाचे. बत्तीचे बारीक छिद्र सोडले तर स्फोटाच्या वायूला त्या तोंडाखेरीज दुसरी वाट नाही.

आजची रायफल मागून भरतात. जेथून काडतूस आत सरकवावयाचे, तेच द्वार स्फोटाच्या क्षणी घट्ट बंद व्हावयास हवे, कारण नेमबाजाचा डोळा तेथून जेमतेम वीतभर अंतरावर असतो. हे काम रायफलीचा पोलादी बोल्ट एकटा करू शकत नाही. ते करते काडतुसाचे पितळी कवच. श्रोतेहो, आज या कवचाविषयी, विशेषतः ते दुसऱ्यांदा भरताना कोणत्या खोड्या करते त्याविषयी, चार शब्द बोलावयाचे आहेत.

काडतुसाचे पितळ म्हणजे शेकडा सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त. दारू पेटली की वातावरणाच्या सुमारे तीन हजारपट दाब निर्माण होतो. पातळ कवच फुगते, रायफलीच्या कोठ्याच्या भिंतीस चिकटते आणि वायूची मागची वाट रोखते. दाब ओसरताच ते किंचित आकसते, म्हणूनच ते बाहेर काढता येते. मात्र ते मूळ मापावर परत येत नाही. म्हणून अमेरिकेसारख्या देशांत जे नेमबाज रिकामी कवचे घरीच पुन्हा भरतात, त्यांना प्रथम ती पोलादी साच्यात दाबून मापात आणावी लागतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने दारूगोळ्याची निर्मिती परवान्याच्या कक्षेत ठेवली आहे, हे सांगून ठेवणे इष्ट. शिवाय प्रत्येक कवच पुन्हा भरण्याजोगे नसते. २०२४ साली पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी ज्या प्रकारात कांस्यपदक मिळविले, त्यातील लहान काडतुसाचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. घोड्याच्या आघाताने ती कडा चेपते आणि कवचाचे आयुष्य तेथेच संपते.

पितळाचा स्वभाव जाणून घ्यावयाचा तर पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर उत्तम शिक्षक आहेत. धातू ठोकला की कठीण होतो आणि तापविला की मऊ पडतो, ही त्यांची रोजची विद्या. तांब्याचे भांडे घडविताना मध्येमध्ये त्यास ताव द्यावा लागतो. अखेर ते मठारले की त्याच्या अंगी ताठपणा येतो. पुण्यालगत खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तेथल्या काडतुसांच्या बुडावर के. एफ. ही अक्षरे आढळतात. काडतुसाचे कवच बनते तेही याच न्यायाने: पितळेच्या चकतीची वाटी, वाटीची नळी, प्रत्येक ओढीनंतर ताव, आणि शेवटी मानेला वेगळा ताव. बूड मात्र मुद्दाम कठीण ठेवतात. दाबाचा खरा भार त्यालाच सोसावा लागतो.

आता पुन्हा भरणाराच्या तक्रारी पाहू. कवच साच्यात रुतून बसले, तर बहुधा वंगण कमी पडलेले असते. वंगण अधिक झाले, तर ते खांद्यापाशी कोंडते आणि तेथे पोचे पडतात. या किरकोळ गोष्टी. खरी कोड्यात टाकणारी तक्रार वेगळीच: कवच साच्यातून काढले, आणि आधी सहज आत जात असलेले आता कोठ्यात शिरेना! मनुष्य साच्याला दोष देतो. वस्तुतः घडते ते असे. साचा पुरता खाली उतरलेला नसला की कवचाचे अंग दाबले जाते, परंतु खांदा साच्याच्या खांद्यास टेकत नाही. बाजूंनी दाबलेले पितळ वर सरकते आणि खांदा पुढे जातो. अशा वेळी साचा अणुमात्र खाली घ्यावा, आपल्याच रायफलीच्या कोठ्यात कवच घालून पाहावे, आणि ते शिरू लागताच थांबावे.

हे थांबणे फार महत्त्वाचे आहे. पुष्कळ झाडलेले कवच कठीण झालेले असते. ते साच्यातून निघताच स्प्रिंगप्रमाणे पुन्हा पसरते, आणि उतावळा मनुष्य त्यास अधिकच चेपतो. तेथे उपाय बळाचा नव्हे, तापाचा आहे. मानेला व खांद्याला क्षणभर ताव द्यावा, अन्यथा मान उभी चिरते. बुडास मात्र आच लागता कामा नये. मऊ बुडाचे कवच फेकून देणेच योग्य.

खांदा गरजेपेक्षा मागे ढकलल्याचे फळ सर्वांत वाईट. जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीत ते स्पष्ट दिसते. तिचे काडतूस बुडाच्या कडेवर टेकते. युद्धातील चिखलमातीचा विचार करून तिचे कोठे ऐसपैस ठेवलेले असत, आणि काडतुसाच्या बुडामागे, बोल्टच्या तोंडापर्यंत, इंचाच्या शंभराव्या भागाइतकी फट चालून जाई. बार होताच कवचाचे पुढचे अंग भिंतीस चिकटते, बूड मात्र मागे ढकलले जाते. मधले पितळ ताणले जाते. सैनिकाला याची चिंता नव्हती. त्याचे कवच एकदाच झाडावयाचे. परंतु तेच कवच दरवेळी पुरते चेपून पुन्हा झाडले, तर बुडाच्या थोडे वर एक चकचकीत वलय उमटते, आणि एके दिवशी कवच तेथेच तुटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. वलय दिसण्यापूर्वीही ते ओळखता येते. बारीक तारेचे टोक काटकोनात वाकवून कवचाच्या आतील भिंतीवरून फिरवावे. जेथे टोक खाचेत अडकते, तेथे पितळ झिजले आहे. हे पाच पैशांचे साधन मला महागड्या मापयंत्रांहून अधिक भरवशाचे वाटते.

कवच न झाडताही फुटू शकते, हा अनुभव तर या देशातलाच. ब्रिटिश फौजेची हिंदुस्थानात साठविलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप चिरत. घोड्यांच्या तबेल्यातून निघणारा अमोनिया व दमट हवा ओढकामाचा ताण पोटात ठेवलेल्या पितळेस फोडीत होती, याचा उलगडा १९२१ साली झाला. म्हणून कवचे धुताना अमोनियायुक्त पॉलिश वर्ज्य समजावे. आपल्या घरातील चिंचेचे पाणी त्याहून निर्धोक. तेही फार वेळ ठेवू नये, कारण आम्लात जस्त विरघळते आणि पितळ गुलाबी दिसू लागते. तसे कवच पुन्हा भरू नये.