हेलियमच्या थेंबातले धातू



होमिओपॅथीचा डॉक्टर हेलियमच्या थेंबांवर बोलणार, हे वाचून काहींनी तर्क बांधला असेल की 'नॅनो' शब्दाचा टेकू घेऊन हे गृहस्थ आपल्या गोळ्यांची बाजू मांडणार. तसे मी करणार नाही. का नाही, ते प्रयोग समजला की आपल्याच ध्यानात येईल.

१९०८ साली हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांनी हेलियम वायू प्रथम द्रवरूपात आणला. हा द्रव कितीही थंड केला तरी साध्या दाबाखाली गोठत नाही. प्रयोगशाळेत अतिथंड हेलियम मोठ्या दाबाने, केसाहून बारीक छिद्रातून निर्वातात सोडतात. त्याचे थेंब बनतात. पृष्ठभागावरचे अणू उडून जातात तसा थेंब आणखी निवतो. माठातले पाणी गार होते, त्याच न्यायाने. शेवटी तो उणे २७२.८ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिरावतो. दहा हजार अणूंचा असा थेंब जेमतेम १० नॅनोमीटर रुंद असतो.

पुढे हे थेंब धातूची वाफ भरलेल्या कोठडीतून जातात. वाटेत आदळलेला अणू थेंब आपल्यासोबत घेऊन जातो. पण सगळ्या धातूंना सारखी वागणूक मिळत नाही. चांदीचा अणू आत शिरतो. सोडियमचा अणू मात्र पृष्ठभागावरच, उथळ खळग्यात बसून राहतो. त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन फार पसरलेला असतो आणि हेलियमचे इलेक्ट्रॉन त्याला दूर लोटतात. त्याला आत घ्यायचे तर पोकळी करावी लागते, आणि तिचा खर्च आकर्षणातून भरून निघत नाही.

असे दोन सोडियम अणू भेटले की घट्ट किंवा सैल जोडी जमते. घट्ट जोडी जमताना इतकी ऊर्जा सुटते की ती बहुधा थेंबावरून निसटते. मागे राहतात त्या मुख्यतः सैल जोड्या. एरवी ज्यांना गाठणे अवघड, त्या इथे तपासता येतात. १९९०च्या दशकात प्रिन्स्टन येथे जाचिंतो स्कोल्स यांच्या गटाने हे दाखवले.

मॅग्नेशियमची गोष्ट याहून नवलाची आहे. एकाच थेंबातले त्याचे अणू लगेच गोळा होत नाहीत, मध्ये हेलियमचा थर राहतो आणि ते सुमारे एक नॅनोमीटर अंतर राखतात, लेसरचा झोत पडला की मात्र एकत्र कोसळतात, असा निष्कर्ष जर्मनीतील रॉस्टॉकच्या संशोधकांनी २००८ साली मांडला. त्यावर सैद्धांतिक अभ्यासकांत एकमत नाही.

मोठ्या थेंबांत चांदी आणखी एक काम करते. हेलियम तिथे अतिप्रवाही असतो, म्हणजे घर्षणाशिवाय वाहतो. तो फिरू लागला की त्यात सूक्ष्म भोवरे पडतात, आणि चांदीचे अणू त्या भोवऱ्यांच्या गाभ्याशी रांगेने जमतात. थेंब कार्बनच्या पातळ पापुद्र्यावर आपटले की हेलियम उडून जातो आणि चांदीच्या लांबट खुणा उरतात. २०१२ साली कॅलिफोर्नियातील आंद्रेई विलेसोव यांच्या गटाने त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

हेलियमचा अणू एरवी कोणाशी संयोग करत नाही, म्हणून या थेंबाला अलिप्त भांडे म्हणावेसे वाटते. परंतु कोणाला आत घ्यायचे, कोणाला उंबऱ्यावर ठेवायचे, कोणती जोडी टिकू द्यायची, हे तेच ठरवते. भांडे बदलले की धातूची वागणूक बदलते.

म्हणूनच मी या प्रयोगाची साक्ष माझ्या व्यवसायासाठी काढणार नाही. हे सगळे निर्वातात, केवल शून्याच्या जेमतेम अर्ध्या अंशाच्या आत, काही सहस्रांश सेकंदांत घडते. माझ्या दवाखान्यातली बाटली टेबलावर, खोलीच्या उष्णतेत उभी असते. एकीकडचे सत्य दुसरीकडे नेऊन बसवणे हा रुग्णाच्या विश्वासाचा गैरफायदा होईल. औषध कोणत्याही पॅथीचे असो, त्याला त्याचाच पुरावा द्यावा लागतो.

आपल्याला एवढीच विनंती. उद्या कोणी 'नॅनो' किंवा 'क्वांटम' म्हणत काही विकायला दारात आला, तर त्याला तीन गोष्टी विचारा : कोणत्या भांड्यात, किती उष्णतेला आणि किती वेळ? मग तो विकणारा माझ्याच व्यवसायातला का असेना.