'लेजंड' : काय चढवलं, काय धक्क्यावर ठेवलं

(तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मी गोदीत माल उचलणारा माणूस. मॅट्रिक झालो, कविता लिहितो. संगीताचं शास्त्र मला कळत नाही. पण बोटीत कोणता माल चढला आणि कोणता धक्क्यावर राहिला, हे कळतं. तेवढ्याच अकलेवर आज बॉब मार्लीच्या 'लेजंड'बद्दल बोलतो.

मार्ली जमैकाचा. किंग्स्टनच्या ट्रेंचटाऊन वस्तीत वाढला. पोटासाठी वेल्डिंग शिकला. ११ मे १९८१ ला कॅन्सरनं गेला, तेव्हा ३६ वर्षांचा होता. मेलेला बंडखोर बाजाराला फार आवडतो; तो उलटून बोलत नाही. १९८४ साली आयलंड कंपनीनं त्याची १४ गाणी निवडून 'लेजंड' काढली. जगभर अडीच कोटींच्या वर प्रती खपल्या. आज बहुतेकांना मार्ली म्हणजे हीच १४ गाणी.

आता यादी तपासा. 'इज धिस लव्ह', 'वेटिंग इन व्हेन', 'सॅटिस्फाय माय सोल', 'स्टर इट अप' : सगळं प्रेम. प्रेम वाईट नाही. झोपडीतला माणूसही प्रेम करतो, त्यालाही ते गायचा हक्क आहे. पण 'रास्तामन व्हायब्रेशन' (१९७६) मधलं एकही गाणं इथं नाही. त्यातलं 'वॉर' हे इथिओपियाच्या हैले सेलासींनी १९६३ साली संयुक्त राष्ट्रांत केलेल्या भाषणावरून रचलंय. वंशभेद गाडल्याशिवाय शांतता नाही, हा त्याचा मुद्दा. 'सर्व्हायव्हल' (१९७९) मधलंही एक नाही. त्यात 'झिम्बाब्वे' आहे. एप्रिल १९८० मध्ये तो देश स्वतंत्र झाला, त्या रात्री मार्ली तिथं जाऊन गायला. बाहेर अडवलेली जनता आत घुसू लागली, तर पोलिसांनी अश्रुधूर सोडला.

'सर्व्हायव्हल'चं कव्हर बघा. आफ्रिकी देशांचे झेंडे, आणि नावाच्या पट्टीत गुलाम वाहणाऱ्या जहाजाचा नकाशा. माणसं पोत्यांसारखी शेजारी शेजारी रचलेली. मी पोती रचतो. तो नकाशा बघून माझे हात गार पडले. हे गाळलं, तर मार्ली कसला पुरा होतो?

आणि हे चुकून गळलेलं नाही. 'लेजंड'ची जुळणी करणाऱ्या डेव्ह रॉबिन्सननंच पुढं सांगितलं, की मार्ली गोऱ्या जगात खपवायचा होता. म्हणजे आधी गिऱ्हाईक ठरलं, मग माल.

तरी 'लेजंड' फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. 'गेट अप, स्टँड अप' त्यात आहे. 'रिडेम्प्शन साँग' आहे : मार्कस गार्वींच्या १९३७ च्या भाषणातला विचार, आणि साथीला फक्त एक गिटार. 'नो वुमन, नो क्राय' आहे. ते विन्सेंट फोर्डच्या नावावर आहे, जो ट्रेंचटाऊनात भुकेल्यांना जेवू घालायचा. मीसुद्धा मार्ली पहिल्यांदा ऐकला तो याच रेकॉर्डवर. एवढी बाजू घेतली नाही, तर मी खोटारडा ठरेन. दार म्हणून ती चांगली आहे. पण उंबऱ्यावर बसून घर पाहिलं म्हणू नका.

म्हणून, दोस्तहो, 'लेजंड' ऐका, आणि त्याच रात्री 'सर्व्हायव्हल' ऐका. उद्या आपल्यातल्या एखाद्या मेलेल्या कवीच्या 'निवडक कविता' कुणी छापल्या, तरी पहिला सवाल हाच टाका : धक्क्यावर काय ठेवलं, आणि कुणासाठी?