ताप उतरला, मजुरी बुडाली



कन्हेरीच्या मारुतीपुढे निवडणूक प्रचाराचे नारळ फुटतात, ही गोष्ट साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या नारळाबरोबर पाण्याचा, उसाचा, कारखान्याच्या दराचा प्रश्न निघतो आणि तो निघायलाच हवा. ज्या हातांनी हा ऊस तोडला जातो, त्या हातांच्या मनगटांची चर्चा मात्र सभेत क्वचितच होते. आजचा विषय त्या मनगटांचा आहे. विषाणूचा ताप येऊन गेल्यावर आणि रोगी ‘बरा झाला’ अशी नोंद झाल्यावर त्याच्या शरीरात मागे काय उरते, आणि त्याची किंमत कोण मोजतो?

यासाठी चिकनगुनियाचे उदाहरण घेणे सयुक्तिक ठरेल, कारण हा रोग या मुलुखाला परका नाही. १९५२-५३ मध्ये आफ्रिकेतील टांगानिका प्रांतात, म्हणजे आजच्या टांझानियात, तो प्रथम ओळखला गेला. तेथील माकोंडे लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ ‘वेदनेने वाकून जाणे’ असा होतो. रोगाला नाव रोग्याच्या उभे राहण्यावरून मिळाले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. भारतात १९६३ मध्ये कलकत्त्याला त्याची साथ आली आणि १९७३ मध्ये, १९७२ च्या दुष्काळाच्या पाठीवर, सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला. बार्शीत एक तृतीयांशाहून अधिक लोक आजारी पडले. त्यानंतर हा रोग देशातून जवळपास नाहीसाच झाल्यासारखा वाटत होता. २००० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना शेजारच्या दौंड तालुक्यातील यवत येथे पकडलेल्या डासांत तो विषाणू सापडला. तो पूर्वीच्या आशियाई वंशाचा नव्हता, आफ्रिकी वंशाचा होता. पाच वर्षांनी साऱ्या देशाला वाकवणारी साथ याच वंशाची निघाली.

२००६ च्या त्या साथीत देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली; महाराष्ट्रातील संख्या अडीच लाखांवर होती. नावातल्या ‘चिकन’मुळे अनेकांनी कोंबडी खाणे सोडले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लूने कोंबड्यांवर संक्रांत आणली होती, त्यामुळे बिचाऱ्या कोंबडीची बाजू घेणारे कोणी उरलेही नव्हते. शासनाच्या लेखी मात्र या साथीत चिकनगुनियाने एकही मृत्यू झाला नाही. पुढे संशोधकांनी अहमदाबाद शहराच्या मृत्युनोंदी तपासल्या, तेव्हा साथीच्या चार महिन्यांत नेहमीपेक्षा सुमारे तीन हजार मृत्यू अधिक झाल्याचे दिसून आले. मृत्यूसारखी ढळढळीत गोष्ट जेथे कागदावर येत नाही, तेथे दुखणाऱ्या गुडघ्याची वही कोण ठेवणार?

ताप फार तर आठवडाभर टिकतो. पुरळ जाते, रक्तातला विषाणूही नाहीसा होतो. बोटे, मनगटे, घोटे आणि गुडघे मात्र सुटत नाहीत. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. पाण्याने भरलेली कळशी उचलता येत नाही, जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार लागतो. दिवस चढेल तसे सांधे थोडे मोकळे होतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. विषाणूचे अवशेष सांध्यांच्या आवरणात रेंगाळत असावेत आणि शरीराची प्रतिकारव्यवस्था त्यांच्याशी झुंजत राहिल्याने दाह टिकत असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. वयस्कर माणसे, स्त्रिया आणि आधीच सांधेदुखी असलेले लोक यांच्यात हे दुखणे अधिक चिवट ठरते. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर २००५-०६ मध्ये एक तृतीयांश लोकसंख्येला हा ताप आला. पंधरा महिन्यांनंतर तेथे झालेल्या एका पाहणीत निम्म्याहून अधिक रुग्णांचे सांधे दुखतच होते.

पुदुच्चेरीच्या केंद्रीय संशोधन संस्थेतील संशोधकांनी भारतातील २००६ च्या साथीचा हिशेब मांडला. आजाराने वाया गेलेल्या आयुष्याच्या मापाने एकूण हानी मोजली, तर तिच्यातील सुमारे ६९ टक्के वाटा ताप गेल्यानंतर रेंगाळणाऱ्या सांधेदुखीचा निघाला. बुडालेले उत्पन्न कमीत कमी ३९ कोटी रुपये. म्हणजे खरा रोग तापानंतर सुरू होतो आणि आरोग्य खात्याची नोंदवही नेमकी तेथेच मिटते.

हे ३९ कोटी बुडाले कोणाचे? पगारी माणूस आजारपणाची रजा घेतो. ऊसतोडीचा हिशेब टनावर चालतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडण्यासाठी हंगाम पुरा करावाच लागतो. दिवस चुकला की खाडा पडतो आणि खाड्याचा दंड उचलीत मिळतो. हा ताप पावसाळ्याच्या उत्तरार्धात फैलावतो. कारखान्यांचे गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर या कारखान्यांच्या कार्यक्षेत्रात बीड-नगरकडून टोळ्या येतात, त्या याच सुमारास. भाद्रपदात तापाने फणफणलेला मजूर फडात उतरतो, तेव्हा त्याची मूठ अजून नीट वळत नसते आणि काम असते पहाटेच्या गारठ्यात कोयता घट्ट धरण्याचे. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे, हे घोट्यांचे काम. जोडीतील एक अडला की कोयता अडतो. स्त्री अडली तर त्याशिवाय चूल, पाणी आणि पोरे अडतात. त्यांची मजुरी कोणत्याच हिशेबात धरलेली नाही.

मग वेदनाशामक गोळ्या सुरू होतात, त्याही पुष्कळदा उपाशीपोटी. महिनोन्‌महिने अशा गोळ्या खाल्ल्याने जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडे दुखावतात. कोठे स्टेरॉइडची सुई टोचून माणूस दोन दिवस उभा केला जातो. वास्तविक सुरुवातीच्या तापात, हाडमोड्या ताप म्हणजे डेंगी नाही अशी खात्री होईपर्यंत, पॅरासिटामॉलखेरीज वेदनाशामक टाळावे लागते. तीन महिन्यांनंतरही सांधे सुजलेले राहिले तर संधिवाताची तपासणी करावी लागते. सांध्यांना हळूहळू चलन द्यावे लागते. यांपैकी कोणताच उपचार महागडा नाही. त्याला वेळ आणि विश्रांती लागते, आणि या दोन्ही गोष्टी मजुराला विकत घ्याव्या लागतात.

१९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने कारखान्यातील कामगाराला आजारपणात भत्त्याचा हक्क दिला. शेतमजूर त्या कायद्याच्या उंबरठ्याबाहेर राहिला. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. दुखरे मनगट घेऊन कोणी दाखल होत नाही. मे २०२१ मध्ये करोनातून उठलेल्या मधुमेही रुग्णांचे डोळे आणि जबडे काळ्या बुरशीने जाऊ लागले, तेव्हा शासनाने तिचा उपचार या योजनेत आणला. ते योग्यच झाले. विषाणूनंतरचे दुखणे हीदेखील शासनाची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्या निर्णयात मान्य झालेले आहे.

करोनानंतरच्या रेंगाळणाऱ्या आजाराला नाव कसे मिळाले, हेही पाहण्यासारखे आहे. ‘लाँग कोविड’ हा शब्द मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्व संशोधिकेने, स्वतः आजारी असताना, वापरात आणला. जगभरच्या सुशिक्षित रुग्णांनी तो उचलून धरला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या अवस्थेची व्याख्या केली. हा रुग्णांचा विजय होता, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण बार्शीला १९७३ मध्ये ज्यांचे सांधे धरले, त्यांच्या हाती लेखणी नव्हती. त्यांच्या दुखण्याला घरच्यांनी ‘म्हातारपण’ म्हटले आणि मुकादमाने ‘आळस’.

आता डासांविषयी. चिकनगुनियाचा एडिस डास गटारात वाढत नाही. त्याला घरातले साठवलेले स्वच्छ पाणी लागते. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात आणि भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सारी भांडी रिकामी करून घासावीत, कोरडा दिवस पाळावा, असा सरकारी उपदेश असतो. शास्त्राच्या दृष्टीने तो बिनचूक आहे. पण नीरा डावा कालवा गेली शंभरहून अधिक वर्षे ज्या तालुक्याची बागायत आणि जिरायत अशी फाळणी करून वाहतो आहे, तेथे जिरायत पट्ट्यातल्या बाईने चार दिवसांनी आलेले पाणी ओतून द्यावे, असे सांगणाऱ्याने तिची घागर एकदा डोक्यावर घेऊन पाहावी. पिंप आणि रांजण ही तिची हौस नाही. नळाला रोज पाणी आले तर साठवण उरणार नाही आणि साठवण गेली तर डासाचे घर जाईल. पाणीवाटपातील विषमता अशी सांध्यांपर्यंत पोचते.

धोका टळलेला नाही. जुलै २०२१ मध्ये शेजारच्या पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी राज्यातील पहिला झिका रुग्ण आढळला, त्या वेळी गावात चिकनगुनियाही होताच. झिकाचा वाहकही हाच डास. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात चिकनगुनिया पुन्हा जोरात फैलावला.

तेव्हा मागणी ठाम हवी आणि ती गावातूनच निघायला हवी. तापाच्या प्रत्येक रुग्णाची तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात घरी जाऊन विचारपूस व्हावी, आणि या कामाचा वेगळा मोबदला आशा सेविकेला मिळावा. ग्रामीण रुग्णालयात सांध्यांच्या व्यायामोपचाराची सोय असावी. टोळ्या उतरल्या की फडावर जाऊन तपासणी व्हावी, आणि ज्याची मूठ वळत नाही त्याचा खाडा दंडाविना माफ करण्याचे बंधन कारखान्याने मुकादमावर घालावे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आरोग्य उपकेंद्राने रुग्णांची नावे न घेता आकडे वाचावेत: किती जणांना ताप आला, किती जणांचा उतरला, आणि त्यांपैकी किती जण अजून कामावर गेलेले नाहीत.