आपले पान आपणच लिहावे



बदलापूर-अंबरनाथच्या गाडीत खेळ, राजकारण व धर्म यांवर आपण तावातावाने बोलतो. स्टेशन आले की सारे विरते. लिहिलेले टिकते आणि लिहिणाऱ्याला जबाबदारही धरते. म्हणून मुलांनो, स्वतःचे हस्तलिखित सुरू करा. जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढले, तेव्हा ते जेमतेम विशीचे होते. आंबेडकरांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढले, ते ज्यांना वाणी नव्हती त्यांच्यासाठी.

खेळाच्या पानावर कोकणातल्या कळुस्त्याच्या गुलाम परकारांविषयी लिहा. ते १९८२ साली लॉर्ड्‌सवर कसोटी खेळले. राजकारण दिल्लीपासूनच सुरू होते असे नव्हे. आपल्या नळाला पाणी किती वेळ येते, हेही राजकारणच. धर्मावर लिहिताना जाणत्यांना विचारा. उल्हासनगरच्या सिंधी शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयी लिहाल, तर छापण्याआधी त्यालाच वाचून दाखवा. ज्या मजकुराखाली नाव घालायची हिंमत नाही, तो लिहू नका.

पालकहो, “या भानगडीत पडू नकोस” म्हणून मुलांची वही मिटवू नका. वाचा, चूक दाखवा. ज्याला घरात मत मांडू दिले नाही, तो रस्त्यावर दुसऱ्याच्याच घोषणा देतो.