आजीची साक्ष



 या सभेत माझ्यासमोर महसूल, वन, महिला व बालविकास, ग्रामविकास खात्यांतली मंडळी आहेत. मागे वाड्यांवरून चालत आलेल्या कुणबी, गवळी-धनगर, सिद्दी बायका आहेत. पुढच्यांशी मला मागच्यांविषयी बोलायचं आहे.

११ जून २०२३ला कर्नाटकात शक्ती योजना आली, बाईचं एसटीचं तिकीट माफ झालं. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी गृहलक्ष्मी आली, घरच्या कर्त्या बाईला महिना २,००० रुपये. या पैशाचं मोल मी जाणते. औषधासाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. पण जोयडा हा उत्तर कन्नड जिल्ह्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा तालुका, माणसं जेमतेम ५०,०००, बाकी सगळं रान. एसटी थांबते तिथून वाडी कितीतरी लांब. रेशनची पिशवी, तापाने फणफणलेलं पोर, बाळंतीण, सगळं त्या वाटेने जातं आणि बहुतेक बाईच्याच अंगावरून जातं. परिवहन खातं प्रवास मोजतं, कल्याण खातं बँकखाती मोजतं. वाट मात्र वनखात्याची, म्हणून तिच्या चालण्याची नोंद कुठेच होत नाही. वास्तविक २००६च्या वनहक्क कायद्यातच सोय आहे: ग्रामसभेने शिफारस केली तर रस्ता, अंगणवाडी, रेशन दुकान अशा कामांसाठी एक हेक्टरहून कमी वनजमीन देता येते. पुढाकार कोणत्या खात्याने घ्यायचा, एवढ्यावर ते अडू नये.

आता जमिनीचं. याच कायद्याने वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा आहे. दावाच मंजूर झाला नाही, तर ते दुसरं नाव लिहायचं कुठे? गोव्यात कुणबी २००३पासून अनुसूचित जमातीत आहेत. इथल्या कुणब्यांची तीच मागणी वर्षानुवर्षं पडून आहे. गोव्यातल्या काणकोणचा कुणबी आदिवासी, जोयड्यातला त्याचाच सोयरा नाही. त्यामुळे वनहक्कासाठी या सोयऱ्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे १९३०च्या आधीपासूनचा रहिवास दाखवावा लागतो. रानात कुमरी म्हणजे फिरती शेती करणाऱ्या, कणगी-माडीसारखे कंद लावणाऱ्या माणसांकडे १९३०चा कागद कुठून यायचा? सुपा गावच्या लोकांचे तर उंबरे, विहिरी, देवस्थानं काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली गेली आणि ती माणसं रामनगरला येऊन राहिली.

म्हणून वनहक्क कायद्याच्या नियमांतला नियम १३ पुन्हा वाचा, एवढीच माझी विनंती. पुराव्यांच्या यादीत सरकारी कागद आहेत, तशीच गावातल्या वडीलधाऱ्यांची लेखी घेतलेली जबानीही आहे. दावेदार सोडून कुणाचीही. ती बाईची नसावी, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. कोणत्या फणसाखाली कुणाचं खळं होतं, कुठल्या झऱ्याचं पाणी मे महिन्यात टिकायचं, कुठे कुणाचं बाळ पुरलं, हे सत्तरीच्या म्हातारीला जितकं ठाऊक असतं तितकं दुसऱ्या कुणाला नसतं. सासूने तिला दाखवलेलं असतं, सासूला तिच्या सासूने. तीन पिढ्या झाल्या.

जबानी घ्यायला तिला कचेरीत बोलावू नका. तुम्ही वाडीवर जा, तिला पुढे चालू द्या, ती थांबेल तिथे थांबा. कागद कन्नडमध्ये होईल, ती बोलेल कोकणी नाहीतर मराठी. लिहिलेलं तिच्या बोलीत तिला वाचून दाखवा, ती "होय" म्हणाली की मगच अंगठा घ्या.