नेपाळची लोकशाही आणि आपण



नेपाळ हा विषय ग्वाल्हेरकरांना परका नाही. १८५७ नंतर नानासाहेब पेशव्यांनी तिकडेच आसरा घेतला. राजमाता विजयाराजे शिंदे यांचे आजोळ नेपाळच्या राणा घराण्याचे. माधवराव शिंद्यांचा विवाहही त्याच घराण्यात झाला. पण ही नाती वाड्यांची होती. आज प्रश्न जनतेच्या नात्याचा आहे.

१९५९ मध्ये नेपाळात पहिली निवडणूक झाली आणि बी. पी. कोईराला पंतप्रधान झाले. डिसेंबर १९६० मध्ये राजे महेंद्र यांनी त्यांना तुरुंगात टाकले. पुढे कोईरालांनी बनारसला राहून लढा चालवला. १९९० च्या जनआंदोलनापूर्वी चंद्रशेखर काठमांडूत जाऊन नेपाळी काँग्रेसच्या व्यासपीठावरून बोलले. २००५ मध्ये राजे ज्ञानेंद्र यांनी सत्ता हाती घेतली, तेव्हा सात पक्ष आणि माओवादी यांच्यातला बारा कलमी समझोता दिल्लीतच झाला. २००६ मध्ये संसद परत आली, २००८ मध्ये प्रजासत्ताक.

मग एवढे करूनही तिथे आपल्याबद्दल राग का? कारण १९८९ मध्ये आपण बहुतेक नाकी बंद केली. २०१५ मध्ये नव्या राज्यघटनेवरून मधेसात आंदोलन पेटले आणि सीमेवर माल अडकला. नाकेबंदी आपली नाही, असे दिल्ली म्हणाली. पण गॅस आणि औषधांसाठी वणवण करणाऱ्या माणसाला ते कसे पटावे? लोकशाहीला हात द्यायचा आणि लोकांची चूल विझू द्यायची, हे एकत्र चालत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये तिथली तरुण पिढी भ्रष्टाचाराविरुद्ध रस्त्यावर उतरली, कित्येक जीव गेले, आणि बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेल्या सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. या पिढीला आश्रयदाता नको, बरोबरीचा शेजारी हवा.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. मैत्री एखाद्या पक्षाशी वा नेत्याशी नको. दोन्ही संसदांची, विद्यापीठांची, नगरपालिकांची हवी. १९५० च्या कराराचा फेरविचार करणाऱ्या दोन्ही देशांच्या जाणकार गटाने २०१८ मध्ये अहवाल तयार केला. तो वर्षानुवर्षे स्वीकारलाच गेला नाही. त्याबद्दल आपल्या खासदारांना आपण विचारले पाहिजे.

आणि एक. आपल्या गल्लीत रात्री पहारा देणारा नेपाळी हाही एका प्रजासत्ताकाचा नागरिक आहे. त्याला नुसते ‘बहादूर’ म्हणून हाक मारू नका, त्याचे नाव विचारा. बरोबरीचे नाते तिथून सुरू होते.