परिचारिकेची शाळा निवडतांना

बारावीचा निकाल लागला कीं पुष्कळ घरांत माहितीपत्रकांचा ढीग पडूं लागतो. यंदां तो आमच्या घरीं पडला. माझ्या नातीला परिचारिका व्हावयाचें आहे. मी जुना मॅट्रिक. माझा सारा जन्म प्राथमिक शाळेंत अंकगणित आणि मराठी शिकविण्यांत गेला. या विषयावर बोलण्याचा तुम्हांस अधिकार काय, असें आपण विचाराल. अधिकार एवढाच, कीं या बाबतींत मीं एकदां चुकीचा सल्ला दिलेला आहे आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला भरावी लागली आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट. माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी बारावी झाली आणि तिचे वडील एक माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आले. ‘गुरुजी, एवढें वाचून सांगा,’ म्हणाले. पत्रक मोठें देखणें होतें. शुभ्र गणवेषांतील मुलींचें चित्र, खालीं ठळक अक्षरांत ‘शासनमान्य’, त्याखालीं एक नोंदणी क्रमांक आणि शेवटीं ‘नोकरीची हमी’. क्रमांक पाहून माझें समाधान झालें. मास्तराचा छापील अक्षरावर फार विश्वास! ‘खुशाल घाला,’ असें मीं सांगून टाकलें. त्यांनीं दोन म्हशी विकून फी भरली. दोन वर्षांनीं मुलगी प्रमाणपत्र घेऊन एका रुग्णालयांत मुलाखतीस गेली, तेव्हां तिला पहिलाच प्रश्न असा विचारण्यांत आला कीं, परिचर्या परिषदेकडील तुमचा नोंदणी क्रमांक कोणता? तो तिच्यापाशीं नव्हता, आणि त्या प्रमाणपत्रावर तो कधीं मिळणारहि नव्हता. पत्रकावरचा क्रमांक होता तो संस्था चालविणाऱ्या मंडळाच्या नोंदणीचा. पांच-सात गृहस्थ एकत्र येऊन वाचनालयासाठीं मंडळ नोंदवितात, तशांतलीच ती नोंदणी. परिचर्येच्या शिक्षणाशीं तिचा कांहीं संबंध नव्हता.

ती मुलगी आज एका खाजगी दवाखान्यांत मदतनीस आहे. आतां तिला मुलगी म्हणणें बरोबर नव्हे, तिचीं मुलें शाळेंत जातात. मागें भेटली तेव्हां मीं विषय काढला. ती म्हणाली, ‘गुरुजी, तुम्हीं तरी काय करणार? तुम्हांला कोठें माहीत होतें?’ तिनें चार शब्द सुनावले असते तर मला बरें वाटलें असतें.

ही नोंदणी म्हणजे काय, तें आतां मला माहीत झालें आहे. केवळ शिक्षण संपल्यानें कोणी ‘रजिस्टर्ड नर्स’ होत नाहीं. कायद्यानें ठेवलेल्या नोंदवहींत तिचें नांव चढावें लागतें. परिचारिकांच्या नोंदणीसाठीं स्वतंत्र कायदा प्रथम केला तो न्यूझीलंडनें, १९०१ सालीं. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ सालचा आहे, आणि महाराष्ट्राचा परिचारिकांविषयींचा कायदा १९६६ चा. २०२३ मध्यें संसदेनें नवा कायदा करून जुन्या परिषदेच्या जागीं राष्ट्रीय आयोग आणण्याची तरतूद केली आहे. तेव्हां पाट्यांवरील नांवें बदलतील. परंतु बापानें विचारावयाचा प्रश्न तोच राहील: येथील अभ्यासक्रम पुरा केल्यावर माझ्या मुलीचें नांव राज्याच्या नोंदवहींत चढेल काय, आणि कोणत्या नांवानें चढेल?

‘कोणत्या नांवानें’ हें मी मुद्दाम म्हणतों. दोन वर्षांचा ए. एन. एम. म्हणून एक अभ्यासक्रम आहे. उपकेंद्रांत काम करणाऱ्या सिस्टर बहुधा त्यांतूनच आलेल्या असतात आणि खेड्यापाड्यांवर त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांची नोंद साहाय्यक परिचारिका म्हणून होते. ‘रजिस्टर्ड नर्स’ व्हावयाचें तर रस्ते दोन: तीन वर्षांचा जी. एन. एम. किंवा चार वर्षांचा बी. एस्सी. नर्सिंग. पहिल्यास कला शाखेच्या मुलीलाहि जातां येतें. दुसऱ्यास भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे विषय लागतात, आणि महाराष्ट्रांत त्यासाठीं सामाइक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. याशिवाय सहा महिन्यांचे, वर्षाचे, ‘नर्सिंग असिस्टंट’ वगैरे नांवांचे जे वर्ग गल्लोगल्लीं दिसतात, त्यांतून ही नोंद होत नाहीं. जी. एन. एम. आणि बी. एस्सी. नर्सिंग हे दोन्ही रस्ते मुलांनाहि मोकळे आहेत. पुरुषांनीं या कामांत पडूं नये असें समजणारे अजून भेटतात, त्यांनीं एकदां मोठ्या रुग्णालयांतील अतिदक्षता विभाग पाहून यावें.

परिषदेच्या यादींत शाळेचें नांव आहे कीं नाहीं, हें आज घरबसल्या पाहतां येतें. मात्र ती यादी त्याच वर्षाची असावी, आणि नांवापुढें किती जागा मंजूर आहेत तेंहि वाचावें. चाळीस जागा मंजूर असतां साठ मुली बसविल्या, तर वरच्या वीस जणींचें पुढें काय, हा हिशेब चौथीच्या मुलालाहि येईल.

यादी पाहून झाली म्हणजे निवड झाली असें मात्र नव्हे. यादींतील शाळांतहि जमीनअस्मानाचें अंतर असतें, आणि तें इमारतीवरून कळत नाहीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८६० सालीं लंडनला परिचारिकांची शाळा काढली, ती सेंट थॉमस रुग्णालयांत. विद्यार्थिनी तेथेंच राहत आणि रुग्णांच्या खाटांजवळच शिकत. आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या पुण्यांतील सेवासदनानें स्त्रियांना या शिक्षणास धाडलें तें ससून रुग्णालयांत. तो काळ असा, कीं घरंदाज बाईनें परक्याची शुश्रूषा करणें ही बदनामीची गोष्ट मानली जाई. रमाबाईंना तो बोभाटा चुकवून नुसतें पुस्तकी शिक्षण देतां आलें असतें. त्यांनीं तसें केलें नाहीं.

म्हणून मीं नातीला आणि माझ्या मुलीला म्हटलें, आपण आधीं शाळा पाहूं नये, रुग्णालय पाहावें. परिषदेचा दंडक असा आहे कीं, शाळेचें स्वतःचें निदान शंभर खाटांचें रुग्णालय असावें, त्यांतील शेंकडा ७५ खाटा भरलेल्या असाव्या, आणि एका विद्यार्थिनीमागें तीन रुग्ण असावे. माझ्या त्या जुन्या विद्यार्थिनीचाहि मीं सल्ला घेतला. ती म्हणाली, ‘गुरुजी, सकाळीं जाऊं नका. सकाळीं डॉक्टरांचा राउंड असतो, सगळें आवरलेलें असतें. दुपारीं चारला जा.’

त्याप्रमाणें आम्ही दोन ठिकाणीं चारच्या सुमारास गेलों. पहिली शाळा आमच्या घरापासून जवळ. इमारत नवी, वसतिगृह स्वच्छ, आणि प्रयोगशाळेंत माणसाच्या आकाराचा एक पुतळा, त्याच्या मनगटास हात लावला तर नाडी लागते! नात हरखून गेली. मीहि नाडी पाहून घेतली. मग मीं रुग्णालय कोठें आहे म्हणून विचारलें. तें आवाराच्या मागल्या बाजूस होतें. खाटा मांडलेल्या होत्या, चादरी कोऱ्या होत्या, पण एका कक्षांत मिळून चार रुग्ण. ‘आमच्या विद्यार्थिनी बसनें दुसऱ्या रुग्णालयांत जातात,’ असें सांगण्यांत आलें. आठवड्यांतून किती दिवस, याचें उत्तर तिघांनीं तीन प्रकारचें दिलें.

दुसरी शाळा दोन तासांच्या अंतरावर, एका जुन्या धर्मादाय रुग्णालयाला जोडलेली. भिंतींचे पोपडे निघालेले. ग्रंथालयांतील पुस्तकें कमी, आणि वसतिगृहाचें तर मला नांव घेववत नाहीं. परंतु कक्ष भरलेला होता. एक विद्यार्थिनी सलाइनच्या बाटलीपुढें उभी राहून घड्याळाकडे पाहत होती, आणि परिसेविका बाई मागें उभ्या राहून कांहीं न बोलतां तिच्याकडे पाहत होत्या. मुलीनें थेंब मोजले, चक्री किंचित् फिरविली, पुन्हां मोजले. बाई म्हणाल्या, ‘पुन्हां.’ तिनें तिसऱ्यांदां मोजले.

मला राहवेना. हिशेब काय होता म्हणून मीं त्या मुलीला विचारलें. तिनें सांगितलें, पांचशें मिलिलिटर आठ तासांत द्यावयाचें आहे, आणि या नळीचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. श्रोतेहो, हें तर शुद्ध त्रैराशिक! दहा हजार थेंब, चारशें ऐंशी मिनिटें, म्हणजे मिनिटास एकवीस थेंबांच्या आंतबाहेर. जन्मभर मीं मुलांना हौदाचे आणि तोट्यांचे हिशेब घातले. उत्तर चुकलें तर तांबडी फुली, यापलीकडे त्या हौदाचें कांहीं होत नसे. दशांशचिन्ह एक घर सरकलें तर औषध दसपट होतें, आणि तें खाटेवर निजलेल्या कोणाच्या तरी अंगांत जातें, हें मीं एकाहि वर्गाला कधीं सांगितलें नव्हतें. पुतळ्यावर ही चूक केली तर ती मुलीला शिकवून जाईल, हें मी मान्य करतों. पुतळा वाईट नव्हे. पण पाठीमागें उभें राहून ‘पुन्हां’ म्हणणारी बाई तेथें पाहिजे. दंडकाप्रमाणें दहा विद्यार्थिनींमागें एक शिक्षिका असावी. माहितीपत्रकांत नांवें असतात. त्यांपैकीं किती जणी त्या दिवशीं हजर आहेत, तें विद्यार्थिनींनाच विचारावें. मोठ्या मुली खरें बोलतात, फक्त त्यांच्याशीं कार्यालयाबाहेर बोललें पाहिजे.

शिक्षण इंग्रजींतून असतें, याची मराठी शाळांतील मुलींना धास्ती वाटते. मीं त्या मुलीला तेंहि विचारलें. पहिले सहा महिने रडलें, म्हणाली. मग शब्द पाठ झाले, आणि रुग्णाशीं बोलायला तर मराठीच लागते.

आणखी दोन किरकोळ गोष्टी सांगतों. रात्रपाळीला मुली वसतिगृहांतून रुग्णालयांत कोणत्या वाटेनें जातात, ती वाट अंधार पडल्यावर एकदां स्वतः चालून पाहावी. आणि दाखल्यांच्या मूळ प्रती कोणाच्या ताब्यांत राहूं देऊं नयेत. मुलीला पुढें शाळा सोडावीशी वाटली, तर त्या प्रतींसाठीं पालकांना हात जोडावे लागतात.

आमच्या घरीं या निवडीवरून आठ दिवस वाद झाला. माझी मुलगी म्हणे, पहिली शाळा जवळ आहे, वसतिगृह नीट आहे, वयांत आलेली पोर दोन तासांच्या अंतरावर त्या गळक्या खोलींत कशी ठेवावी? तिचें म्हणणें खोटें नव्हतें. मला मत विचारलें तेव्हां मीं बरेंच टाळलें. एकदां दिलेल्या मताचा अनुभव होता. शेवटीं नात म्हणाली, ‘आजोबा, तुम्हीं थेंब मोजणाऱ्या ताईला एवढे प्रश्न विचारलेत, मी तिला एकच विचारला. आज तुझ्याकडे किती रुग्ण? ती म्हणाली, तीन, आणि तिघांचींहि नांवें सांगितलीं.’

दोन्ही शाळांचीं नांवें यंदांच्या यादींत आहेत, हें आम्हीं दोनदां पडताळून पाहिलें. शुक्रवारीं आम्ही तिघें त्या दूरच्या शाळेंत फी भरावयास जात आहों. मुलीनें गळक्या खोलीसाठीं ताडपत्री आणि नवें कुलूप घेतलें आहे. दाखल्यांच्या मूळ प्रती मीं माझ्या पिशवींत ठेवल्या आहेत. त्या तेथें दाखवूं, त्यांच्या छायाप्रती देऊं आणि परत घेऊन येऊं.